मालकाचे कर्तव्य आणि हजेरीची वही

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून आपण विद्वानांची व्याख्याने ऐकत आला आहात. कुणी संत नामदेव महाराजांच्या चरित्रावर बोलले, कुणी विवाहसमारंभातील अनाठायी खर्चावर, तर कुणी विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणावर. यंदा कार्यकारी मंडळाने हे काम आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त शिक्षकाकडे सोपविले, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस होती. आम्ही निवडलेला विषय ऐकून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्याचे आमच्या कानी आले आहे. विषय असा : आपल्या दुकानांत व कारखान्यांत राबणारी माणसे, त्यांच्याविषयी मालकाचे कर्तव्य, आणि त्या कर्तव्याला कायद्याने दिलेले रूप.

ज्ञातिसंमेलनात कायद्याची चर्चा कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याला आमचे उत्तर एवढेच की, या मंडपात आज मालकही बसले आहेत आणि त्यांचे कारागीरही बसले आहेत. दोघेही एकाच ज्ञातीचे, पुष्कळदा एकाच कुळाचे. वकिलाच्या कचेरीत ही दोन माणसे समोरासमोर आली म्हणजे ती एकमेकांची वैरी झालेली असतात. येथे ती अजून सोयरी आहेत. म्हणून या गोष्टी बोलण्याची खरी जागा हीच होय.

आपला परंपरागत धंदा शिंप्याचा. आपल्या आजोबांच्या पिढीत शिंपी स्वतःच कापीत असे, स्वतःच शिवीत असे. फार तर थोरला मुलगा यंत्रावर आणि घरातील बायका काज-बटण व तुरपाई करावयास बसत. मालक कोण आणि नोकर कोण हा प्रश्नच तेथे उद्भवत नसे. पुढे तयार कपड्यांचा काळ आला. मापाचे कपडे शिवून घेणारे गिऱ्हाईक घटले आणि त्याच वेळी आपल्यापैकी ज्यांना संधी व धाडस दोन्ही लाभली त्यांनी कारखाने काढले. सोलापुरात गणवेशांचा धंदा केवढा वाढला हे आपण जाणताच. त्या धंद्यात आणि इतर गावांच्या लहानमोठ्या दुकानांत आज आपले बांधव कटिंग मास्तर, शिलाई कारागीर, ओव्हरलॉकवाले, इस्त्रीवाले, काज-बटणाच्या स्त्रिया अशी पाचपन्नास माणसे कामास ठेवतात. याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु धंदा कारखान्याचा झाला तरी व्यवहार मात्र ओसरीवरचाच राहिला, ही त्यातील उणीव आहे.

ही उणीव ज्या शब्दाआड दडते तो शब्द म्हणजे ‘घरचा माणूस’. “तो काय आमचा नोकर आहे? घरचाच माणूस आहे तो!” हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे आणि ते बोलणारा पुष्कळदा मनापासूनच बोलतो हेही आम्ही जाणतो. पण या एका वाक्याच्या आधारावर नेमणुकीचा कागद दिला जात नाही, हजेरी लिहिली जात नाही, आठवड्याच्या सुट्टीचा हिशेब राहत नाही आणि निवृत्तीच्या वेळी माणूस रिकाम्या हाताने घरी जातो. परक्याला जे कागदावर द्यावे लागते ते आपल्याला तोंडी आश्वासनावर मिळते, आणि तोंडी आश्वासन देणारा मालक वारला अथवा त्याची मुले वेगळी निघाली म्हणजे ते आश्वासनही त्याच्याबरोबर जाते.

एक प्रत्यक्ष घडलेली हकीकत सांगतो. गावाचे व माणसांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एका प्रतिष्ठित दुकानात आपल्यातील एक गृहस्थ कटिंग मास्तर म्हणून २८ वर्षे होते. दुकानात चौदा माणसे कामाला. मालक दुष्ट नव्हते. मास्तरांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी पदरचे पैसे घातले, आजारपणात डॉक्टरांकडे नेले. पुढे मास्तरांची दृष्टी अधू झाली. तेव्हा त्यांचा जाहीर सत्कार झाला; शाल, श्रीफळ आणि ११,००० रुपये देण्यात आले. भाषणे झाली, आम्हीही टाळ्या वाजविल्या. पुढल्या वर्षी मास्तरांच्या पत्नी औषधोपचाराच्या मदतीसाठी संस्थेच्या गरीब साहाय्य निधीकडे अर्ज घेऊन आल्या. त्या निधीच्या देणगीदारांच्या यादीत त्याच मालकांचे नाव वरच्या बाजूस होते.

आता हिशेब पाहू. मास्तरांचा अखेरचा पगार मूळ वेतन व महागाई मिळून १३,००० रुपये होता. उपदान, ज्यास आपण सर्वजण ग्रॅच्युइटी म्हणतो, त्याचा नियम १९७२ च्या कायद्यापासून चालत आला आहे : दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानात वा कारखान्यात पाच वर्षे सलग नोकरी झालेल्यास प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. महिन्याचे वेतन २६ ने भागावयाचे, म्हणजे एका दिवसाचे ५०० रुपये. पंधरा दिवसांचे ७,५००. आणि २८ वर्षांचे २,१०,००० रुपये. ही रक्कम मास्तरांची होती. ती बक्षीस नव्हे, उपकार नव्हे. राबून झालेल्या कामाचा मागे ठेवलेला मोबदला होता. त्यातील अकरा हजार त्यांस शालीबरोबर मिळाले आणि उरलेल्याची भीक त्यांच्या पत्नीला आपल्या निधीकडे मागावी लागली. बंधूंनो, हक्काचा पैसा रोखून ठेवून दान करणे याला दानधर्म म्हणता येत नाही.

हे कायदे आकाशातून पडलेले नाहीत आणि परदेशातून उसने आणलेलेही नाहीत. त्यांच्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातील माणसे झिजली आहेत. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा घेऊन त्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली. त्यांच्या मागण्यांत आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही प्रमुख होती आणि १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी ती मान्य केली. आज आपण रविवारची सुट्टी हा सृष्टीचाच नियम असल्याप्रमाणे उपभोगतो. पण ती मागावी लागली होती. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे काम पाहत होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. स्वातंत्र्यानंतर किमान वेतनाचा व कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ मध्ये, भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ मध्ये, प्रसूतिलाभाचा १९६१ मध्ये, बोनसचा १९६५ मध्ये आणि उपदानाचा १९७२ मध्ये झाला.

या केंद्रीय कायद्यांपैकी २९ कायदे एकत्र करून चार श्रमसंहिता तयार झाल्या : वेतनाची २०१९ ची, औद्योगिक संबंधांची, सामाजिक सुरक्षेची आणि कामाच्या जागेतील सुरक्षितता व आरोग्याची अशा तीन २०२० च्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अंमलात आल्या. आपल्या राज्याचा दुकानांचा कायदा, जो १९४८ च्या जुन्या कायद्याऐवजी २०१७ मध्ये आला, तो वेगळा आहेच. नावे बदलली म्हणून मालकाचे कर्तव्य बदलले असे समजू नये. कित्येक बाबतींत ते अधिक स्पष्ट झाले आहे.

आता मालकाने काय करावयास पाहिजे ते क्रमाने सांगतो. शिक्षकाची सवय म्हणून थोडे पाढ्यासारखे सांगू, त्याबद्दल क्षमा असावी.

पहिली गोष्ट नेमणूकपत्राची. माणूस कामावर आला त्या दिवशी त्याचे नाव, काम, वेतन, वेळ आणि रुजू झाल्याची तारीख लिहिलेला कागद त्याच्या हाती द्यावा व एक प्रत आपल्यापाशी ठेवावी. त्या एका तारखेवर पुढे उपदानाची वर्षे मोजली जातात. भाच्याला नेमणूकपत्र द्यावयाचे म्हणजे नात्यात अविश्वास दाखविणे, असे पुष्कळांस वाटते. आम्ही विचारतो, मुलीचे लग्न ठरविताना याद्या लिहिल्या जात होत्या, तेव्हा व्याह्यांवर अविश्वास होता काय? लिहून ठेवणे हे विसर पडू नये म्हणून असते.

दुसरी गोष्ट हजेरीची आणि पगारपत्रकाची. आम्ही आयुष्यभर शाळेत हजेरीपट भरला. मुलगा उपस्थित होता किंवा नव्हता, याचा वाद वर्षाच्या अखेरीस कधी झाला नाही, कारण रोजची खूण रोज केलेली असे. दुकानातही तसेच असावे. कामाचे दिवस, जादा तास, दिलेले वेतन, केलेली कपात हे सर्व नोंदवहीत उतरावे आणि प्रत्येक पगारास कामगाराला पगारचिठ्ठी मिळावी. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा, आणि कामावरून काढल्यास अथवा त्याने राजीनामा दिल्यास कामाच्या दोन दिवसांच्या आत त्याचे वेतन चुकते करावे, असे वेतनसंहिता सांगते. नेमलेल्या वेळेपेक्षा अधिक काम घेतल्यास त्याचा दर निदान दुप्पट असतो. शाळा उघडण्यापूर्वीचे मे-जून आणि दिवाळीपूर्वीचा महिना या दिवसांत आपल्या कारखान्यांत रात्री अकरापर्यंत यंत्रे चालतात. त्या वेळी कारागिराला चहा आणि वडापाव मिळतो, हे चांगलेच आहे. पण तो दुप्पट दराचा पर्याय नव्हे.

तिसरी गोष्ट किमान वेतनाची, आणि येथे आपल्या धंद्यापुरता एक विशेष मुद्दा आहे. आपल्याकडे पुष्कळ कारागीर नगावर काम करतात : एका सदऱ्यामागे इतके, एका विजारीमागे इतके. मालकांची अशी समजूत असते की नगावरचा माणूस आपल्या मर्जीचा धनी, त्याला किमान वेतन कसले? ही समजूत चुकीची आहे. नगाचा किमान दर ठरलेला नसेल तेथे वेळेच्या हिशेबाने ठरलेल्या किमान वेतनाहून कमी देता येत नाही. शिवाय हा नियम एका माणसाच्या दुकानालाही लागू आहे. उपदानाच्या बाबतीतही नगावरचा कारागीर वगळलेला नाही. अखेरच्या तीन महिन्यांच्या कमाईची सरासरी काढून, जादा तासांची मजुरी सोडून, त्याचा हिशेब करतात.

चौथी गोष्ट उचलीची व कपातीची. लग्नकार्य, आजारपण, घरदुरुस्ती अशा वेळी कारागीर उचल घेतो व मालक ती देतात. ही आपल्यातील चांगली रीत आहे, ती मोडू नये. परंतु सर्व कपाती मिळून एका वेळच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. कापड बिघडले म्हणून मनास येईल तसा दंडही करता येत नाही. माणसाला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि एका पगारातील दंडाची एकूण रक्कम शेकडा तीनच्या वर जाऊ शकत नाही. याहून गंभीर गोष्ट अशी की, “उचल फिटेपर्यंत दुसरीकडे काम धरावयाचे नाही” अशी अट घालणे हे १९७६ च्या कायद्याप्रमाणे वेठबिगारीत मोडते. पैसे वसूल करण्याचा हक्क मालकाला आहे. माणूस अडकवून ठेवण्याचा नाही.

पाचवी गोष्ट निधी आणि विम्याची. दहा किंवा अधिक माणसे असली म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना येते. वेतनाच्या मर्यादेत बसणाऱ्या कामगाराच्या पगारातून जुलै २०१९ पासून शेकडा ०.७५ आणि मालकाकडून शेकडा ३.२५ असा तिचा दर आहे. त्याच्या मोबदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला औषधोपचार, आजारपणातील भत्ता, अपघातात अपंगत्व आल्यास साहाय्य मिळते. वीस माणसांवर भविष्यनिर्वाह निधी येतो; त्यात कामगाराचा वाटा आणि मालकाचा तेवढाच वाटा जमा होतो. बोनसचे बंधनही वीस माणसांवरच आहे. तो पात्र कामगारांस कमीत कमी शेकडा ८.३३ द्यावा लागतो. कामगाराच्या पगारातून वाटा कापून घेऊन तो खात्यात न भरणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे, हे हिशेबनिसावर सर्व सोडून देणाऱ्या मालकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

येथे दोन युक्त्यांचा उल्लेख करणे भाग आहे, कारण त्या आपल्यात चालतात. एक युक्ती माणसांची संख्या कमी दाखविण्याची : एका छपराखालचे दुकान नवऱ्याच्या व बायकोच्या नावे दोन करावयाचे, म्हणजे कागदोपत्री नऊ व नऊ. दुसरी युक्ती पगार फोडण्याची : वीस हजारांपैकी सात हजार मूळ वेतन व तेरा हजार निरनिराळे भत्ते दाखवावयाचे, म्हणजे निधी व उपदान सात हजारांवर बसेल. या दुसऱ्या युक्तीला नव्या संहितेने आळा घातला आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणजे या उदाहरणात सातऐवजी दहा हजारांवर हिशेब होईल. पहिल्या युक्तीविषयी आम्ही एवढेच म्हणू की, जो मालक नवरात्रात अठरा माणसांना जेवू घालतो आणि वहीत नऊच लिहितो, त्याने उरलेल्या नऊ जणांना नेमके काय म्हणून जेवू घातले, याचा विचार करावा.

आता भगिनींविषयी. आपल्या कारखान्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. एकाच कामाला पुरुषास एक व स्त्रीस त्याहून कमी दर देण्यास १९७६ पासूनच कायद्याने मनाई आहे आणि वेतनसंहितेत ती कायम आहे. दहा व अधिक माणसांच्या संस्थेत, बाळंतपणापूर्वीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. विमा योजनेत ती असेल तर हा भार योजनाच उचलते. म्हणजे नोंदणीचा लाभ मालकालाही आहे. स्त्रियांच्या मानमर्यादेचा प्रश्न याहून नाजूक आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे असतील तेथे अंतर्गत समिती नेमावी लागते; तिची अध्यक्षा स्त्री असावी लागते, निम्म्या तरी सभासद स्त्रिया आणि एक सभासद बाहेरची व्यक्ती. लहान दुकानातील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. आपल्यात अशा गोष्टी “घरातल्या घरात मिटवू” असे म्हणून दाबल्या जातात, आणि मिटते ते त्या मुलीचे काम. ‘घरचा माणूस’ या शब्दाचा याहून वाईट उपयोग आम्हांस ठाऊक नाही.

आणि मुलांविषयी न बोलता शिक्षकाने व्यासपीठ सोडणे योग्य होणार नाही. चौथीपाचवीतील चुणचुणीत मुले दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत परत न आल्याचे आम्ही पाहिले आहे. चौकशी करता ती काज-बटणाला बसल्याचे कळे. २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी आहे. शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीत आपल्या कुटुंबाच्या, धोक्याच्या नसलेल्या धंद्यात हातभार लावण्याची सवड त्यात आहे, आणि तीही शिक्षणात व्यत्यय न येता. शेजाऱ्याचा मुलगा या सवडीत बसत नाही. गावाकडून “शिकायला” आणून दिवसभर यंत्राशी बसविलेले पोरही बसत नाही.

हे सारे ऐकून मालकबंधू आक्षेप घेतील, त्यांचा विचार केला पाहिजे. ते म्हणतील, “शेजारचा कारखाना काहीच पाळत नाही, आम्ही पाळले तर आमचा दर चढेल व ठेका त्याच्याकडे जाईल.” यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. नियम पाळणाऱ्याला तोटा व न पाळणाऱ्याला नफा ही स्थिती वाईट होय. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. वेतन मिळाले नाही असा दावा कामगाराने केला तर ते दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि दावा लावण्यास कामगाराला तीन वर्षांची मुदत आहे. ज्याच्याजवळ वही नाही, त्याने पैसे प्रामाणिकपणे दिले असले तरी तो हरतो. यंत्रात बोट सापडून कारागीर जायबंदी झाला आणि त्याची विमा योजनेत नोंद नसली, तर भरपाईचा बोजा मालकाच्या डोक्यावर येतो. सालोसाल वाचविलेली वर्गणी अशा एका दिवसात निघून जाते. तेव्हा हजेरीची वही ही कामगाराइतकीच मालकाचीही ढाल आहे.

दुसरा आक्षेप असा की, कामगारच म्हणतात, “आमचे पैसे कापू नका, हातात द्या.” हेही खरे आहे. तरुण कारागिराला साठीचे वय दिसत नाही. त्याला समजावून सांगावे लागते की, त्याच्या बारा अंकी खाते क्रमांकात जमा होणारी रक्कम मालक बदलला तरी त्याचीच राहते, आणि मालकाचा वाटाही तिच्यात असतो. तो क्रमांक त्याने पाठ करावा, अथवा निदान घरच्या देव्हाऱ्याजवळ लिहून ठेवावा.

तिसरा आक्षेप लहान दुकानदारांचा : “आमच्याकडे तीनच माणसे, आम्हांला यातील काय लागू?” किमान वेतन, वेळेवर पगार, नोंदवही, पगारचिठ्ठी आणि बालकांस मनाई हे लागू आहेच. बाकीच्यासाठी मन असेल तर मार्ग आहेत. असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये निघालेल्या श्रमयोगी मानधन योजनेत १८ ते ४० वर्षांच्या माणसाने दरमहा थोडी वर्गणी भरली तर सरकार तेवढीच भर घालते आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत २०२२ पासून वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आहे. दिवाळीला मिठाईचा पुडा देताना हे वीस रुपये मालकाने भरले, तर पुडा लहान झाल्याचे कोणास जाणवणार नाही.

आता संस्थेने काय करावे, याविषयी तीन सूचना करून हे भाषण संपवितो. पहिली : नेमणूकपत्र, हजेरीपट, पगारपत्रक आणि पगारचिठ्ठी यांचे सोपे मराठी नमुने संस्थेने छापून सभासद दुकानदारांस मूळ किमतीत द्यावेत, आणि चालू किमान वेतनाचे दर दर सहामाहीस संस्थेच्या फलकावर लावावेत. दुसरी : आपल्या ज्ञातीत वकील व हिशेबतपासनीस तरुण पुष्कळ आहेत; त्यांनी महिन्यातून एक रविवार कार्यालयात बसून मालक व कारागीर दोघांच्याही शंकांचे निरसन करावे. लोखंड्यांनी मिळवून दिलेल्या सुट्टीचा तो सदुपयोगच ठरेल. तिसरी सूचना काहींना कडू लागेल. संस्थेच्या वतीने आपण दरवर्षी यशस्वी उद्योजकांचा सत्कार करतो. यापुढे सत्कारासाठी नाव निवडताना, त्यांच्याकडून गेल्या पाच वर्षांत निवृत्त झालेल्या कारागिरांना उपदान मिळाले की नाही, एवढा एक प्रश्न विचारावा. उत्तर समाधानकारक असेल तर शाल आम्ही स्वतः त्यांच्या खांद्यावर घालू.

आपण स्वतःस नामदेव महाराजांचे वंशज म्हणवितो. दामाशेट्टींच्या त्या घरात जनाबाई नावाची एक दासी होती. दळणकांडण करणारी ती अनाथ स्त्री त्या घरात अशी वाढली की, आज सातशे वर्षांनंतर नामदेवांबरोबर तिचेही नाव महाराष्ट्र आदराने घेतो. ‘घरचे माणूस’ म्हणावयाचे तर ते असे. आपल्याकडून तेवढे होणे कठीण. पण आपल्या दुकानात राबणाऱ्या प्रत्येकाचे नाव, रुजू झाल्याच्या खऱ्या तारखेसह, आपल्या वहीत तरी असावे, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.